शेवटचा रकाना

मांडव्याच्या लाँचवर वरच्या मजल्यावर बसायचे थोडे जास्त पैसे पडतात. ते वाऱ्याचे, असं तिकीट फाडणारा म्हणतो. माझ्या लेखी ते कुरवांचे. गेटवेचा धक्का सुटला की हे पक्षी मागे लागतात आणि वेफर्स, गाठिया, जे मिळेल ते हवेतल्या हवेत झेलत पार मांडव्यापर्यंत सोबत करतात. डिसेंबरात त्यांची डोकी पांढरी असतात आणि डोळ्यामागे काजळाचा एकच ठिपका, दृष्ट लागू नये म्हणून लावल्यासारखा. मार्चअखेरीस मी गेले तेव्हा लाँचमागे जेमतेम पंधरा-वीस उरले होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी कॉफीच्या रंगाची टोपी चढवली होती. एक-दोघांची अजून अर्धवट होती. केस रंगवायला बसलेल्या माणसाला मध्येच कुणी दाराशी बोलावून घ्यावं, तशी.

पुस्तकात या पक्ष्याचं नाव तपकिरी डोक्याचा कुरव. मुंबईकराला ते नाव हमखास चुकीचं वाटतं, कारण हिवाळाभर ते डोकं तपकिरी नसतंच. नाव त्याच्या गावाकडचं आहे. गाव म्हणजे लडाख-तिबेटमधली उंचावरची तळी. जूनमध्ये आपली माणसं विमानाने लेहला जातात, तळ्याकाठी उभी राहून या कुरवांचे फोटो काढतात आणि ‘कसला भारी पक्षी दिसला’ म्हणून घरी पाठवतात. मांडव्याच्या लाँचवर यालाच आपण वेफर टाकला असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही.

आपल्या कवितेतला वसंत आंब्याच्या मोहरात असतो, कोकिळेच्या गळ्यात असतो. तो येणाऱ्यांचा ऋतू आहे. खाडीच्या चिखलात मात्र फाल्गुन-चैत्र हा निघायची तयारी करणाऱ्यांचा काळ. ऑक्टोबर ते मार्च आपल्याकडे मातकट, करड्या, ओळखायला जीव खाणाऱ्या कपड्यांत वावरलेले हे पक्षी नेमके जायच्या आधी पिसं बदलतात आणि रंगात येतात. सणाला गावी निघालेला चाकरमानी जसा एसटीत बसायच्या आदल्या रात्री नवा शर्ट घालून बघतो. आपल्या वाट्याला येते ती ही कपडे घालून बघण्याची रात्र. पुढचा सण बघायला सैबेरियात जावं लागतं.

माझ्याकडे एक वही आहे, पंचवीस-सव्वीस वर्षांची. खरं तर चार वह्या, पण आखणी एकच. पहिल्या रकान्यात पक्षी, दुसऱ्यात ‘पहिलं दर्शन’, तिसऱ्यात जागा, चौथ्यात ‘शेवटचं दर्शन’. पहिल्या दर्शनाचा रकाना गच्च भरलेला आहे. कोणत्या वर्षी कोणता पक्षी कुठे पहिल्यांदा दिसला, तारखेनिशी, आणि कुठेकुठे हौसेने वेळसुद्धा. चौथा रकाना मात्र जवळजवळ कोरा. आळस हे एक कारण आहेच. पण पहिलं दर्शन त्याच क्षणी कळतं, पेन खिशातून काढायला सवड मिळते. शेवटचं दर्शन ते शेवटचं होतं हे आठ-दहा दिवसांनी कळतं, तेही इतके दिवस दिसला नाही म्हणून. तोवर ती तारीख आठवणीतून निसटलेली असते, कारण त्या दिवशी विशेष काही घडलेलं नसतं.

यंदा हा रकाना भरायचाच असं ठरवून मी मामाकडे गेले.

मामाचं गाव खारेपाटात. अलिबाग म्हटलं की लोकांना किनारे आणि बंगले आठवतात. पक्षी बघणाऱ्यांना किहीम आठवतं, कारण सलीम अलींनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास तिथे केला. खारेपाट कुणाला आठवत नाही. अलिबाग आणि पेणच्या मधला, धरमतरच्या खाडीला लागून असलेला हा सपाट मुलूख. शोभेचं इथे काही नाही. समुद्राशी बांध घालून मिळवलेली जमीन, बांधाला पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी, आत भातशेती, घराशेजारच्या तळ्यात जिताडा. बांध टिकला तर भात, फुटला तर खारं पाणी. इतका सरळ हिशेब.

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. भरती कधी हे तो मोबाइलवर बघत नाही. तिथीची पाऊणपट करायची, आले ते भरतीचे तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. “उद्या तेरस,” तो रात्री जेवताना म्हणाला, “म्हंजी पावनेधाला भरंल. तू उजारायच्या येलंला नीग.” मी गुपचूप मोबाइलमध्ये बघितलं. कोष्टकात आणि त्याच्या हिशेबात दहा मिनिटांचासुद्धा फरक नव्हता. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला जरा उशीर लागतो, तेवढा तो वरून धरतो.

चिखलातले पक्षी बघायचे तर पंचांग लागतंच. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी त्याच्या पार टोकाला, दुर्बिणीतूनही मोहरीएवढे दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही, मग ते बांधावर, मिठागरात, कुठेतरी एका पायावर झोपतात. खरी मजा चढत्या पाण्यात असते. पाणी एकेक वीत पुढे येतं आणि पक्ष्यांना आपल्या दिशेने रेटत आणतं. तुम्ही फक्त बांधावर बसायचं आणि हलायचं नाही. आपण पक्ष्यांकडे चालत जातो ही समजूत पक्षिनिरीक्षणात पहिल्या दोन-तीन वर्षांत गळून पडावी लागते.

साडेसहाला आम्ही बांधावर होतो. मामा हातात काठी घेऊन पुढे, मी मागे. सूर्य अजून कर्नाळ्याच्या बाजूच्या धुक्यात होता. चिखल अर्धा उघडा, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. तिवरांच्या श्वासमुळांची टोकं पाण्याबाहेर, पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी. टिटवीने आमची वर्दी दिली. ती सगळ्यांचीच देते. शेकाट्या आपल्या गुलाबी काटकुळ्या पायांवर संथपणे चालत होते. ते इथलेच, त्यांना कुठे जायची घाई नाही.

घाई बाकीच्यांना होती. छोटे टिलवे, पंचवीस-तीस ग्रॅमचे जीव, पाण्याच्या कडेकडेने असे पळत होते की घरात काहीतरी सांडलंय आणि आई यायच्या आत वेचून संपवायचंय. त्यांच्यात तिबेटी चिखल्या होते. हिवाळ्यात हा पक्षी म्हणजे निव्वळ मातीचं ढेकूळ. आता छातीवर रुंद शेंदरी पट्टा, डोळ्यांवरून काळी पट्टी. हेही लडाखकडचे. आणि त्यांच्या पलीकडे खाली वाकलेल्या चोचीच्या तुताऱ्या, ज्यांचं मूळ गाव सैबेरियाचा उत्तर काठ. त्यांचं रंगणं अजून सुरूच होतं. करड्या पोटावर इथे-तिथे विटकरी डाग, रंगपंचमीला कुणी लांबून फुगा मारल्यासारखे. मे उजाडेपर्यंत सगळं अंग विटकरी होईल. पण मे उजाडेपर्यंत त्या इथे असतील का, हाच तर माझ्या रकान्याचा प्रश्न.

“यांना तुम्ही काय म्हणता?” मी मामाला विचारलं. प्रत्येक वेळी विचारते, काही तरी जुनं खणखणीत नाव हाती लागेल या आशेने. मारुती चितमपल्लींनी अशी किती नावं गोळा करून ठेवली. मामाने डोळे बारीक करून बघितलं. “पाखरां,” म्हणाला. बगळा, टिटवी, खंड्या, घार यांना त्याच्याकडे नावं आहेत. या चिखलातल्यांना नाही, कारण यांनी कधी भात खाल्लं नाही की मासा पळवला नाही. ज्याने त्रास दिला नाही त्याला माणूस नाव देत नाही. ‘ठिपकेवाली तुतारी’सारखी पुस्तकातली नावं पक्षिमित्रांनी मेहनतीने रुळवली आहेत, मीही वापरते, पण बांधावर ती जरा शाळेच्या गणवेशात आल्यासारखी वाटतात.

त्या रंगामागे काय चाललेलं असतं ते मी एकदा पक्ष्यांच्या पायात रिंगा चढवण्याच्या शिबिरात बघितलं होतं. जाळ्यातून सोडवलेला टिलवा हातात धरून पोटावर फुंकर मारतात. पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखाली पिवळी चरबी दिसते. हिवाळ्यात नावाला असते. मार्च-एप्रिलमध्ये लोण्याचा थर. पक्षी दिवसाची लांबी मोजत असतात. अलिबागला सर्वांत छोट्या आणि सर्वांत मोठ्या दिवसात उणापुरा सव्वादोन तासांचा फरक. आपल्याला तो विजेच्या बिलातसुद्धा कळत नाही. यांना त्यातली रोजची मिनिटं कळतात आणि तेवढ्यावर ते खाणं वाढवतात, पिसं बदलतात, आणि एका संध्याकाळी उठून निघतात, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही अशा मुलखाकडे.

मामाला मी पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याची गोष्ट सांगितली. २०२२ च्या ऑक्टोबरात त्या जातीचं एक पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि अकरा दिवस कुठेही न उतरता टास्मानियात पोचलं, १३,५६० किलोमीटर. पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र होतं म्हणून कळलं. निघायच्या आधी या पक्ष्यांचं निम्म्याहून जास्त वजन चरबीचं असू शकतं, आणि जठर-आतडी आक्रसून छोटी होतात, कारण वाटेत काही खायचं नाही तर ते ओझं कशाला. मामा थांबला. “म्हंजी सैपाकघर बंद करूनशीच निंगतंय की!” मग जरा चालून म्हणाला, “तुजी मामी आशीच करायची. चार टायमाला ग्यास बगायची.” मामीला जाऊन सहा वर्षं झाली.

आम्ही बसलो ती जागा बांध जिथे तुटतो तिथे. तिथून पुढे पन्नास-साठ हात बांधच नाही. त्याला खांड म्हणतात. खांडीतून भरतीचं पाणी आत शिरतं आणि पलीकडे पसरतं. आणि मी गेली पंधरा वर्षं ज्याला ‘पक्ष्यांची उत्तम जागा’ म्हणून मित्रमंडळींना सांगत आले, तो हा पलीकडचा भाग, तिवराचं रान आणि मधला चिखल, म्हणजे मामाचं शेत आहे.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असणं आणि त्याच्या शेजारी बसून दुर्बीण लावणं यात फरक आहे. या जमिनीपायी मामाच्या वडिलांनी चरीच्या संपात पेरणी सोडली होती. १९३३ ते १९३९, सहा वर्षं या भागातल्या कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील पुढारी होते, आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. माणसांनी लाकूडफाटा विकून आणि चिंबोऱ्या पकडून दिवस काढले, असं आजोबा सांगत. पुढे कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कागदोपत्री ज्याला कृषकदिन म्हणतात त्या दिवशी, कसणारा मालक ठरला. मामा तेव्हा नऊ वर्षांचा. या शेतात राता पिकायचा, तांबड्या दाण्याचं, थोडं खारं सोसणारं भात. त्याची पेज मी लहानपणी प्यायले आहे.

पूर्वी बांध गाव मिळून राखायचं. उन्हाळ्यात घरटी माणूस निघायचा, चिखल टाकायचा, दगड बसवायचा. मग मुलं कारखान्यांत लागली, मुंबईला गेली, माणूस निघेना. बांधाची जबाबदारी कचेरीकडे आणि कचेरीकडे अर्जांची चळत. एका पावसाळ्यात उधाणाला खांड पडली. पहिल्या वर्षी आठ हात होती. अर्ज गेले, पाहणी झाली, फोटो निघाले. दुसऱ्या वर्षी वीस हात. पाचव्या वर्षी आत तिवर उगवला. आणि तिवर उगवला की विषय संपतो. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडायला बंदी घातली, २०१८ च्या निकालात जमीन कुणाचीही असो, तिथलं कांदळवन तोडता येणार नाही हे पक्कं केलं. हा निकाल आला तेव्हा मी मुंबईत पेढे वाटले होते. खरोखरचे, पाव किलो, ऑफिसात. आजही तो निकाल मला योग्यच वाटतो. कांदळवन गेलं तर हा किनारा उघडा पडेल. पण त्या दिवशी पेढे घेऊन मी मामाकडे गेले नव्हते, हेही खरं.

“शेवटचं भात कोणत्या साली कापलं?” मी विचारलं. वहीची सवय.

मामाने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. खांड पडल्याचं साल त्याला पाठ होतं, तिथी, वार, वारा कुठून होता तेही. कापणीचं सांगता येईना. “दोनदा खारं पानी येऊनशी मंग गोडं झालतं. तवा थोरं कापलं. का त्याच्या म्होरल्या साली?” त्याने काठी चिखलात टोचली. “कापताना कुटं ठावं होतं.”

पाणी आता चांगलं चढलं होतं. पक्षी रेटत रेटत आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आले. दुर्बीण ठेवून दिली तरी चालण्यासारखे. एक कर्ल्यू एकटाच उभा होता, विळ्यासारखी लांब चोच पाठीत खुपसून. त्याला बघितलं की मला हल्ली त्याचा बारीक चोचीचा भाऊ आठवतो. तो आपल्याकडचा नव्हे. सैबेरियात वीण आणि भूमध्य समुद्राभोवती हिवाळा. त्याची घरटी माणसाने पाहिली ती फक्त एकाच भागात, सैबेरियातल्या तारा गावाजवळ, १९०९ ते १९२५ च्या दरम्यान. मग १९९५ साली मोरोक्कोतल्या एका दलदलीत तो दिसला. ज्यांनी पाहिला त्यांना पक्षी दुर्मीळ आहे हे ठाऊक होतं. शेवटचं दर्शन आहे हे ठाऊक नव्हतं. त्यानंतर देशोदेशी शोधमोहिमा झाल्या आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. चौथा रकाना भरायला तीस वर्षं लागली, आणि साऱ्या जगाने मिळून भरला.

पावणेदहाला दहा मिनिटं असताना शेवटची चिखलाची पट्टी बुडाली आणि सगळे एकदम उठले. टिलवे, चिखल्या, तुताऱ्या मिळून पाचेकशे असतील. वळताना सगळ्यांची पोटं एकदम पांढरी चमकली, पुन्हा वळले आणि तिवरावर त्यांची नुसती सावली दिसली. दोनदा खांडीवरून फिरले, खाली उतरायला आले, न उतरता पुन्हा वर गेले. जायचे दिवस जवळ आले की हे असं उगीच उठणं वाढतं. मामा म्हणाला, “भरलं.” पाण्याबद्दल.

मी मुंबईला परतायच्या आधी मामाला कामाला लावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहायचा, खांडीजवळ उभ्या असलेल्या पाणटिवळ्यांचा. लांब चोच, लांब पाय, मोठा पक्षी, मोजायला सोपा. बाकीचे मोजायला त्याची नजर उरलेली नाही. त्याने कुरकुर केली आणि मग इतकं चोख केलं की नातवाच्या फोनवरून दर रविवारी कॅलेंडरचा फोटो यायला लागला. चैत्र पौर्णिमेला ६४. अक्षय्य तृतीयेला ३१. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी २२ आणि दुसऱ्या दिवशी ५. त्या रात्री दक्षिणेचा चांगला वारा होता, असं बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं.

मी वही उघडून बसले. पाच, पाच, तीन, दोन. मे अखेरीला एक. आता उद्या शून्य येईल आणि आजची तारीख मी चौथ्या रकान्यात लिहीन, म्हणून रोज वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी एक. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक. मृगाचा पाऊस पडला, चौकोन ओलीने सुरकुतला, त्यात एक.

जूनच्या मध्यावर राहवेना म्हणून गेले. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते, तेव्हा एसटीने. तो खांडीच्या कडेला उभा होता, पावसात, चोच खाली करून. अंगावर एकही तांबडं पीस नव्हतं, हिवाळ्यातला करडाच. गेल्या वर्षीचं पिल्लू असणार. पहिल्या वर्षी यांतली बरीच पिल्लं उत्तरेकडे जातच नाहीत. वीण दुसऱ्या वर्षानंतरची, मग हजारो किलोमीटर जाऊन करायचं काय? ती इथेच चिखलात उन्हाळा-पावसाळा काढतात. हे मी वाचलेलं होतं. रकाना आखताना लक्षात नव्हतं.

“यो कय जात नाय,” मामा छत्रीतून म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता असं मला वाटलं.

ऑगस्ट लागला तसे उत्तरेहून पहिले पक्षी परतायला लागले. स्वातंत्र्यदिनानंतरच्या रविवारी आलेल्या फोटोत, १५ तारखेच्या चौकोनात मामाने ७ लिहिलं होतं. त्यांतला उन्हाळाभर थांबलेला कोणता, असं मी फोन करून विचारलं. मामालाही सांगता आलं नाही.